खड्ड्याच्या ईशान्येला

त्या फोटोत फार काही नव्हतं. ओली माती, तिच्यात अर्धा उघडा पडलेला करडा दगड, दगडाच्या माथ्यावर छिन्नीने कोरलेली फुली, आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी ठेवलेलं एक पेन. खाली एवढंच लिहिलेलं: ‘ताई, दगड आहे की.’ पाठवणारा मुलगा आमच्या जमीन-मोजणीच्या कामात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेला. त्याच्या त्या ‘की’मध्ये खोच नव्हती, निव्वळ आनंद होता. तरी तो ‘की’ मला अजून टोचतो. कारण त्याच्या तीन महिने आधी मी स्वतः तिथे जाऊन आले होते, खणून आले होते, आणि अहवालात त्या खुणेपुढे दोन शब्द लिहून मोकळी झाले होते. ‘आढळली नाही.’

काम साधं होतं. अठरा वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून मोजलेला एक नियंत्रण-बिंदू, म्हणजे मोजणीचा आधार म्हणून रोवलेला दगड. त्याचे अक्षांश-रेखांश सेकंदाच्या पाचव्या दशांशस्थळापर्यंत लिहिलेले, म्हणजे कागदावरची बारकाई अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. जायचं, दगड जागेवर आहे का पाहायचं, असला तर पुढची सगळी मोजणी त्याच्यावरून ओढायची. हवा स्वच्छ, आकाश मोकळं, दिवस हाताशी भरपूर. चुकीला सबब म्हणून पुढे करता येईल असं त्या दिवशी काहीच नव्हतं, आणि तेच जास्त लागतं. मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे एखाद्या स्थिर केंद्राकडून फोनवर दुरुस्त्या घ्यायची नेहमीची सोय बंद. आम्ही उपग्रहावरूनच दुरुस्त्या उतरवणारी सेवा सुरू केली. या पद्धतीत आधी थांबावं लागतं. पोल उभा करायचा, त्याच्या टोकावरचा अँटेना आकाशाला दाखवायचा आणि अचूकतेचा आकडा खाली येण्याची वाट पाहायची. सुरुवातीला दीड मीटर, मग साठ सेंटिमीटर, मग चाळीस, मग बराच वेळ काहीच नाही. आजारी माणसाचा ताप उतरताना घरचे थर्मामीटरकडे बघतात, तसे आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत होतो. वीस मिनिटांनी बारा. अर्ध्या तासाने चार. चारवर आकडा स्थिरावला आणि आम्ही निघालो. बिंदू ३४० मीटर लांब होता.

ठरलेल्या आकड्याकडे चालत जाणं ही एक वेगळीच चाल आहे. वाटेने जाणारा माणूस वाट बघतो; हे काम करणारा पडद्यावरचा बाण बघतो. आणि त्या बाणाची एक गंमत आहे, ती कळेपर्यंत नव्या माणसाची चांगली फजिती होते. तुम्ही कुठे उभे आहात हे यंत्राला कळतं, पण तुमचं तोंड कुणीकडे आहे हे कळत नाही. तुम्ही चार पावलं टाकलीत की मागच्या आणि पुढच्या जागेवरून ते ताडतं, बरं, ही बाई इकडे निघालीय. थांबलात की पुन्हा आंधळं. त्यामुळे लांबवर असताना बाण शहाण्यासारखा वागतो आणि शेवटच्या दोन-तीन मीटरांत, जिथे आपण पावलं आखडती घेतो, तिथे गरगर फिरायला लागतो. नव्या यंत्रांत यावर उपाय आले आहेत. आमच्याकडचं यंत्र जुन्या स्वभावाचं. मग बाण सोडायचा, सूर्य कुठे आहे ते पाहून उत्तरेकडे तोंड करायचं आणि नुसते दोन आकडे वाचायचे. उत्तरेला किती, पूर्वेला किती.

झुडूप, ओढा, चिखल यातलं काहीच त्या पडद्याला माहीत नसतं. त्याच्या लेखी तुमच्यात आणि बिंदूत एक सरळ रेघ असते आणि बाकी कोरा कागद. काट्यांतून जायचं की वळसा घालायचा हे आपण ठरवायचं, आणि वळसा घातला की वाढलेलं अंतर बघून उगीच अपराधी वाटतं. एकदा अशीच पडद्यात डोकं घालून चालताना मी सरळ एका कंबरभर खोल चरात उतरले होते. गुडघा फुटला. पडद्याने मात्र उरलेलं अंतर नेमकं बदललं होतं आणि उंची एक मीटर वीस सेंटिमीटरने कमी करून दाखवली होती. माझं पडणं त्याने दोन दशांशस्थळांपर्यंत नोंदवलं, याचं मला कळवळत असतानाही कौतुक वाटलं होतं.

तर त्या दिवशी आम्ही पोचलो. गवत गुडघ्याएवढं, मध्ये एक वठलेलं झाड, थोडा उतार. उत्तर ०.०४, पूर्व ०.०२. पोल बोटभर सरकवला. तो सरळ उभा आहे का ते दाखवणारा बबल पाहिला. उत्तर ०.०१, पूर्व ०.००. यंत्राने पीं केलं.

त्या शून्याची एक नशा असते.

ज्यांनी ती घेतली नाही त्यांना सांगणं अवघड आहे. आपल्या पायाखाली काय आहे हे आपल्याला साधारणपणे कधीच ठाऊक नसतं. आणि इथे वर फिरणारी यंत्रं एकमुखाने सांगत असतात की बाई, हीच ती जागा, बोटाच्या पेराइतकीही इकडे नाही की तिकडे नाही. पोलचं टोक जिथे टेकलं होतं तिथलं गवत आम्ही उपटलं आणि खणायला लागलो. वरचा थर भुसभुशीत, खाली लालसर, मग मुरूम. मुंग्यांचं एक अख्खं गाव विस्कटलं. केसांसारखी मुळं, मग अंगठ्याएवढी. मातीचा तो थंड, लोखंडी वास. गुडघाभर खाली गेलो तरी दगड नाही. पहार घेऊन चारी बाजूंना वीतवीत अंतरावर ठोकून पाहिलं, प्रत्येक वेळी तोच मऊ, बद्द आवाज. दगडावर पहार बसली की हाताला झिणझिण्या येतात. त्या आल्या नाहीत. बरोबरचा गडी म्हणाला, जरा अजून बाजूला बघू का? मी पडदा त्याच्यापुढे धरला. ‘किती बाजूला? इथे चार सेंटिमीटरची खात्री देतंय.’ तो गप्प बसला. मी खड्ड्याच्या तळाशी, शून्यावर, एक लांब लाल खुंटी ठोकली. इथे शोधून झालं आहे, याची पुढच्या माणसासाठी खूण. खड्डा दोन फूट रुंद होता. माझी खात्री जेवढी, तेवढाच.

हा खड्डा आठवला की मला ती बादली आठवते. २ मे २००० पर्यंत अमेरिका सर्वसामान्यांसाठीचा जीपीएस संदेश मुद्दाम बिघडवून पाठवत असे; माणूस शंभर मीटर इकडेतिकडे दिसायचा. त्या दिवशी तो बिघाड काढून टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमधल्या एका माणसाने रानात एक काळी बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि लोकांना म्हणाला, शोधा. लोकांनी ती थोड्याच दिवसांत शोधलीही. पुढे जगभर पसरलेल्या जिओकॅशिंगच्या खेळाची ती सुरुवात. त्या खेळात आकडा तुम्हाला जवळपास नेऊन सोडतो आणि तिथून पुढे वाकावं लागतं, दगड उलटावे लागतात, बुंध्यामागे हात घालावा लागतो. दहा-पंधरा पावलांचा घोळ धरूनच चालायचं असतं, म्हणून माणसं डोळे उघडे ठेवून शोधतात. त्या बादलीच्या जागी माझा दगड असता आणि माझ्या हातात साधा फोन असता, तर मला तो मिळाला असता असं आता वाटतं. फोनवर माझा एवढा विश्वास नव्हता.

फोटो आल्यावर मी आधी काय केलं असेल, तर त्या मुलाला फोन केला. कौतुक वगैरे नंतर. ‘कसा शोधलास?’ तो जरा बिचकला. म्हणाला, ‘ताई, यंत्राची बॅटरी गेली होती. टेप घेऊन गेलो. पत्रकात लिहिलेलंच होतं ना, वठलेल्या झाडापासून १४.२०, खडकाच्या टोकापासून ९.६५, मोरीच्या कोपऱ्यापासून २२.३०. तीन कंस मारले, जिथे भेटले तिथे खणलं.’ ते पत्रक माझ्याही बॅगेत होतं. त्यातले अक्षांश-रेखांश मी उतरवून घेतले होते आणि बाकीचा कागद घडी करून ठेवून दिला होता. मग तो म्हणाला, ‘तुमच्या लाल खुंटीपासून मोजलं. ९८ सेंटिमीटर. ईशान्येला.’

अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. चारची खात्री असताना.

दोन रात्री मी संशयितांना एकेक करून बोलावत होते. पहिला अर्थातच पोलचा बबल. दोन मीटरचा पोल एका अंशाने कलला तर टोक साडेतीन सेंटिमीटर चुकतं. बबल बिघडलेला असेल तर माणूस प्रामाणिकपणे, रोज, त्याच बाजूला चुकत राहतो. पण मीटरभर चुकायचं तर पोल जवळपास तीस अंश कलायला हवा. तसा तो मी धरला असता तर लांबून जाणाऱ्यालाही हसू आलं असतं. दुसरा संशयित, परावर्तन. जवळ पत्र्याची भिंत असली की उपग्रहाची लहर तिच्यावर आपटून येते आणि यंत्राला फसवते. तिथे भिंत नव्हती. एक वठलेलं झाड, तेही पानांशिवाय.

तिसऱ्या संशयितावर माझा बराच वेळ गेला, कारण तो आमच्या धंद्यातला मुरलेला लबाड आहे. उपग्रह २०,२०० किलोमीटर वर, सेकंदाला जवळपास चार किलोमीटर वेगाने धावणारा. तिथून निघालेली लहर सेकंदाच्या साधारण पंधराव्या हिश्श्यात आपल्यापर्यंत पोचते. त्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. शेवटची अर्धवट लहर यंत्र मिलिमीटरांत मोजतं, पण मध्ये पूर्ण लहरी किती मावल्या ते त्याला ठाऊक नसतं. लांबलचक टेपचं फक्त आपल्या हातातलं टोक दिसावं आणि आधीचे किती मीटर सुटलेत ते दिसू नये, तसं. तो पूर्णांक हुडकण्यासाठी सगळा आटापिटा. सापडला की पडद्यावर ‘फिक्स’ येतं, नाही सापडला तर ‘फ्लोट’. कधी यंत्र चुकीचा पूर्णांक धरून बसतं आणि तरीही ठणकावून फिक्स म्हणतं. चुकीचं फिक्स मी पाहिलं आहे. ते अगदी खऱ्यासारखंच दिसतं, तेवढंच स्थिर, तेवढंच आत्मविश्वासाने भरलेलं. पण त्याच दिवशी, त्याच जागी, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून मी तपासलं होतं. अर्धा तास पुन्हा उन्हात उभं राहून. दोन्ही वेळी तेच शून्य.

म्हणजे मोजणी बरोबर होती. खड्डा बरोबर जागी होता. आणि दगड तिथे नव्हता.

अडकले ती संख्येत नाही, दिशेत अडकले. चुकांना सहसा दिशा नसते. त्या इकडेतिकडे सांडतात. इथे मात्र सरळ ईशान्य. आमचं काम ज्या भूपट्टावर चालतं, तो ईशान्येकडे सरकतो आहे हे मला शाळेपासून माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. वर्षाला पाच-साडेपाच सेंटिमीटर, नखं वाढतात साधारण त्या गतीच्या आसपास. अठरा वर्षं. गुणाकार करायला कागद लागला नाही. मग मी बॅगेतलं ते घडी घातलेलं पत्रक काढलं आणि पहिल्यांदा पूर्ण वाचलं. उजव्या कोपऱ्यात खाली, सगळ्यांत बारीक अक्षरांत, ‘संदर्भकाल’ आणि त्यापुढे अठरा वर्षांपूर्वीचं साल. कागदावरचे आकडे त्या सालात गोठवलेले होते. उपग्रहाची सेवा मात्र मला आजच्या पृथ्वीवरची जागा देत होती, आज, आत्ता, या मिनिटाची. मी आजच्या नकाशावर जुना पत्ता शोधायला गेले होते.

दगड हलला नव्हता. अठरा वर्षांत त्याला कुणी हातही लावला नव्हता. हलली होती ती जमीन. आणि जमिनीबरोबर दगड, ते वठलेलं झाड, तो खडक, ती मोरी, मुंग्यांचं गाव, सगळे मिळून, एकमेकांतलं अंतर इंचानेही न बदलता ईशान्येला मीटरभर गेले होते. मागे राहिला होता फक्त आकडा. टेपने मोजणाऱ्या मुलाला यातलं काही जाणून घ्यायची गरजच पडली नाही, कारण झाडापासून दगड १४.२० होता तो १४.२०च राहिला.

हे कळल्यावर मला आधी बरं वाटलं, हे कबूल करते. चूक मोठी निघाली की चुकणारा माणूसही जरा मोठा होतो. खंड सरकला म्हणून चुकले, असं सांगण्यात एक ऐट आहे; बॅगेतला कागद वाचला नाही म्हणून चुकले, यात ती नाही. दोन-तीन आठवडे मी ही गोष्ट पहिल्या पद्धतीने सांगत फिरले. ऐकणारेही खूश व्हायचे. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मी जोडायचे, कारण ते फारच चपखल आहे. तो अख्खा देश वर्षाला सात सेंटिमीटर सरकतो. १९९४च्या संदर्भकालावर बेतलेले त्यांचे नकाशे आणि उपग्रहांनी दाखवलेली जागा यांच्यातली तफावत वाढत गेली, म्हणून त्यांनी नवी संदर्भ-चौकट आणली, २०२०च्या हिशोबाची, आणि कागदावर संपूर्ण देश सुमारे १.८ मीटर ईशान्येला उचलून ठेवला. कुणाचंही कुंपण हललं नाही, कुणाच्या अंगणातली फरशी हलली नाही. आणि ज्यांना संथपणा आवडत नाही त्यांच्यासाठी जपान होतं. मार्च २०११च्या भूकंपात ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस केंद्र काही मिनिटांत पाच मीटरहून जास्त सरकलं. तिथे एका दुपारी सगळे आकडे शिळे झाले.

पण यातलं कुठलंही उदाहरण मला त्या मुलाच्या ‘की’पासून सोडवू शकलं नाही. विचार करा, त्या पडद्यावरच्या चार सेंटिमीटरांसाठी किती जणांनी किती गोष्टी लक्षात ठेवल्या होत्या. उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ते कुणीतरी वळतं केलं होतं. नाही केलं तर एका दिवसात अकरा किलोमीटरांचा घोळ होईल. चंद्र-सूर्याच्या ओढीने कठीण जमीनसुद्धा समुद्रासारखी रोज फुगते आणि बसते, काही ठिकाणी ३० सेंटिमीटरच्या आसपास; तेही वजा केलेलं होतं. वातावरणाच्या वरच्या थरात लहर रेंगाळते, त्याचा हिशोब होता. आइन्स्टाइन धरला होता, चंद्र धरला होता. साल तेवढं माझ्यावर सोपवलं होतं.

मला काम शिकवणारे सर तीन मापांच्या त्या यादीला ‘साक्षीदार’ म्हणायचे. बिंदू एकटा ठेवायचा नाही, त्याला तीन साक्षीदार करायचे, हा त्यांचा नियम. तेव्हा आमच्याकडे नुकतं यंत्र आलेलं. खुणेचे अक्षांश-रेखांश सेंटिमीटरात मिळत असताना झाडाला टेप लावत बसणं मला पोरकट वाटायचं. झाड काय, उद्या कुणी तोडेल. सर म्हणायचे, म्हणून तर तीन. ते पोलादी टेप ओढायचे तेव्हा तिचा एक करकर आवाज यायचा. ती गुंडाळताना चिंधीने पुसून घ्यायचे आणि बोटाला तेलाचा डाग पडायचा. खूण शोधायला गेले की ते आधी नुसते उभे राहायचे. पाच-सात मिनिटं. गवत कुठे वेगळं वाढलंय, माती कुठे किंचित बसलीय, पूर्वी कुणी इथे उभं राहून कुठल्या बाजूला पाहिलं असेल. नंतर गुडघ्यांवर बसून हाताने चाचपायचे. मला ती पाच-सात मिनिटं वाया गेलेली वाटायची. आणि अर्धा तास पडद्यापुढे पोल धरून उभं राहण्याला मी काम म्हणते.

सरांनीच एकदा अमेरिकेतल्या त्या जागेबद्दल सांगितलं होतं, जिथे चार राज्यांचे कोपरे एका बिंदूत भेटतात. पर्यटक तिथे हात-पाय चारी राज्यांत टेकवून फोटो काढतात. तो बिंदू १८७५ मध्ये जमिनीवर रोवला गेला, आणि आजच्या यंत्रांनी पाहिलं तर ठरवलेल्या रेखांशापासून तो अर्ध्या किलोमीटरहून जास्त पूर्वेला आहे. मी तेव्हा उत्साहात विचारलं होतं, मग दुरुस्त का करत नाहीत? सर हसले होते. एकदा खूण रोवली गेली, दोन्हीकडच्यांनी ती मानली, की हद्द तीच. कायदा खुणेला मानतो, आकडा तिच्या मागून येतो. खुणेपर्यंत पुन्हा पोचता यावं म्हणून आकडा लिहिलेला असतो. मला ते जुन्या माणसाचं सांत्वन वाटलं होतं. लंडनजवळ ग्रिनिचला शून्य रेखांशाची खूण म्हणून जी धातूची पट्टी आहे, तिच्यावर उभं राहून फोन पाहिला तर रेखांश शून्य दाखवत नाही. उपग्रहांचं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला, बागेतून जातं. तिथली दुर्बीण ओळंब्याने सरळ केलेली होती, आणि ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे अगदी नेमका बोट दाखवत नाही. तिथे जाणारे बरेच जण म्हणे फोन हलवून बघतात, बिघडलाय का म्हणून. मी गेले असते तर मी पट्टी बिघडली म्हटलं असतं.

अहवाल मी दुरुस्त केला. ‘आढळली नाही’ खोडून ‘आढळली, सुस्थितीत’ लिहिलं. कुणीच काही विचारलं नाही. अशा कामात शोधाची गोष्ट कुणाला नको असते. शेवटचा रकाना भरला की झालं. मला मात्र जमेना. त्या दोन शब्दांवर पुढच्या कुणीतरी विश्वास ठेवला असता आणि तो दगड आणखी अठरा वर्षं, आणखी मीटरभर पुढे, मातीखाली तसाच पडून राहिला असता, हे डोक्यातून जाईना. मी याआधी कितीदा ‘आढळली नाही’ लिहिलं होतं? मोजायला बसले आणि सातव्यानंतर वही मिटली.

दीड वर्षाने तिथलं पुढचं काम निघालं आणि मी मुद्दाम मागून घेतलं. बरोबर तोच मुलगा. माझा खड्डा आता खड्डा राहिला नव्हता, गवताचा एक उथळ खळगा झाला होता. त्यातून खुंटीचं टोक वर आलेलं, लाल रंग उडून गुलाबी पडलेलं. दगड मात्र स्वच्छ; मुलाने त्याच्याभोवती छोट्या धोंड्यांचं कडं रचून ठेवलेलं. वठलेलं झाड गेलं होतं. बुंधासुद्धा नाही, नुसता मऊ मातीचा उंचवटा.

यंत्र सुरू केलं. अर्धा तास उभी राहिले, पण या वेळी पडद्याकडे बघत नव्हते. ओढ्याच्या बाजूला गवत वेगळ्या रंगाचं का आहे ते बघत होते. आकडा चारवर बसल्यावर जुनेच अक्षांश-रेखांश घातले आणि पोल दगडाच्या फुलीवर टेकवला. पडद्याने अंतर दाखवलं १.०६. मग पोल उचलून खळग्यातल्या खुंटीवर नेला. त्याच खुंटीवर, जी मी शून्यावर ठोकली होती. पडदा म्हणाला ०.०८. मी बबल पाहिला. पुन्हा वाचलं. ०.०८, आणि दिशा तीच. मुलगा टेप घेऊन आला, एक टोक त्याने फुलीवर धरलं, दुसरं मी खुंटीवर. टेप ताणली. अठ्ठ्याण्णव.

‘तेवढंच आहे,’ तो म्हणाला. मी मान डोलावली. खुंटीही निघाली होती तर, सगळ्यांबरोबर.

मग आम्ही नवं पत्रक भरायला बसलो. संदर्भकालाचा रकाना मी सगळ्यांत आधी भरला, ठळक अक्षरांत. खडकापासूनचं माप जुळलं, मोरीच्या कोपऱ्यापासूनचं जुळलं. ‘ताई, झाड गेलं,’ तो म्हणाला, ‘तिसरा साक्षीदार कोण?’ आसपास तसं ठरीव काही नव्हतं. मी उठले, बॅगेतून लोखंडी सळई काढली, गुलाबी पडलेली खुंटी उपटून तिच्याच भोकात ती ठोकली. मुरमात शिरताना हाताला झिणझिण्या आल्या. तो लिहायला लागला: नैर्ऋत्येला, ०.९८ मीटर, लोखंडी सळई. लिहिता लिहिता थांबला.

‘कशाची खूण म्हणून लिहू?’

‘लिही,’ मी म्हटलं, ‘आधी इथे खणलं होतं.’